पावणेसहाचा माणूस

आमच्या ह्यांच्या चौथ्या मुलाखतीसाठी मी घरातली वेळ सव्वादोन तास पुढे सरकवली होती, हे आज कुणाला सांगितलं तर लोक माझ्याकडे कणवेनं बघतात. 'वय झालं आजींचं' हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं. पण तेव्हा माझं वय झालेलं नव्हतं. मी अडतीस वर्षांची होते, डोकं ठिकाणावर होतं, आणि जे केलं ते पूर्ण विचार करून केलं होतं. तेच तर दुःख आहे.

हे तराजूच्या कारखान्यात होते. भाजीवाल्याचा तराजू नव्हे. काचेच्या पेटीत बसणारे, एका केसाचंसुद्धा वजन सांगणारे नाजूक तराजू हे जुळवायचे. एकोणीस वर्षं जुळवले आणि एके दिवशी कारखानाच बंद झाला. त्यानंतर अकरा महिने हे घरी. अचूक माणूस घरात रिकामा बसला की काय होतं, ते ज्यांच्या घरी असा माणूस बसलाय त्यांनाच कळेल. भिंतीवरची एकही तसबीर तिरकी राहिली नाही. डुगडुगणारं टेबल डुगडुगायचं थांबलं. सासूबाईंची काठी पाव इंचानं जास्त आहे असं ह्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी एका दुपारी ती कापून टाकली. सासूबाई पुढे आठ दिवस पाव इंच वाकून चालत होत्या आणि मुलाचं मन मोडू नये म्हणून 'आता कसं छान वाटतंय' म्हणत होत्या.

हे हसण्यावारी नेता येतं. पण रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कुठंही जायचं नसताना हे खुर्चीत तयार होऊन बसायचे, ते मात्र बघवत नसे. पुढं काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. आमची लेक ठकी दहा वर्षांची होती, तीसुद्धा नाही.

तीन मुलाखती झाल्या होत्या. पहिली सकाळी दहाला. हे सकाळी अकरापर्यंत बोलत नसत. रागानं नव्हे, तशी सोयच नव्हती त्यांच्यात. पाच साहेबांनी मिळून बावीस प्रश्न विचारले. ह्यांनी एकवीस वेळा 'हं' म्हटलं आणि एकदा 'नको'. ते 'नको' चहाला होतं. दुसरी मुलाखत दुपारी दोनला. साहेब ह्यांचं प्रशस्तिपत्रक वाचत असताना ह्यांचा डोळा लागला. प्रशस्तिपत्रकात 'सदैव दक्ष' असं लिहिलेलं होतं. तिसरी साडेबाराला, ऐन भुकेच्या वेळी. 'आम्ही तुम्हालाच का घ्यावं?' असं साहेबांनी विचारलं. हे म्हणाले, "नका घेऊ." आणि घरी येऊन व्यवस्थित जेवले.

आणि हाच माणूस संध्याकाळी बघावा! पावणेसहा वाजले की दारासमोरच्या गॅलरीत तिरकं ऊन यायचं, चहा झालेला असायचा, ठकी शाळेतून येऊन गृहपाठाची वही पसरून बसायची, आणि ह्यांची जीभ सुटायची. गमती सांगतील, कारखान्यातले किस्से सांगतील, वजन म्हणजे काय ते अशा पद्धतीनं सांगतील की भाजी निवडता निवडता मलाही कळायचं. मला वाटायचं, या वेळी एखाद्या साहेबानं ह्यांना बघितलं तर कडेवर उचलून घेऊन जाईल.

तेव्हा एका संध्याकाळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणसात काही खोट नाही. वेळा चुकताहेत.

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर पाव तासाला ह्यांना काहीतरी विचारायचं आणि उत्तराला दहापैकी गुण द्यायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी हे मला म्हणाले, "अगं, कारखान्यात मी काय काम करायचो, हे तू मला कालपासून चौदा वेळा विचारलंस. विसरतेयस की काय?"

चोरी पकडली गेली. मी तक्ता आणून दाखवला. मला वाटलं, आता घरात दोन दिवस अबोला. ह्यांनी चष्मा लावला, तक्ता खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "दीड दिवसाच्या नोंदीवरून काही ठरत नसतं. आठवडा तरी घे. आणि गुण तू एकटीच देतेस? एकाच्या डोळ्यावर विसंबू नये. आईलाही द्यायला सांग."

"अहो, तुम्हाला चालेल?"

"तराजूत ठेवलेल्या मालाला कुणी विचारत नाही," हे म्हणाले आणि पट्टी घेऊन माझे रकाने सरळ करायला बसले.

सासूबाईंनी आठवडाभर प्रत्येक वेळेला दहापैकी दहा गुण दिले. हे झोपलेले असतानाही. "झोपतोसुद्धा किती शहाण्यासारखा," म्हणाल्या. तेव्हा ह्यांनीच सांगितलं, "आईचे आकडे वगळ."

आठवड्याचा हिशेब झाला. सकाळी अकरापर्यंत दोन. दुपारी तीन. चारच्या सुमाराला चार. पावणेसहा ते साडेसहा, नऊ! आणि पावणेआठपासून आठपर्यंत, म्हणजे जेवणाचं पान मांडेपर्यंत, चक्क शून्य. त्या पंधरा मिनिटांत हे ठकीलासुद्धा 'बाजूला हो' म्हणायचे.

म्हणजे संध्याकाळी पावणेसहाला मुलाखत घेणारी कचेरी शोधायची. तशी एकही नव्हती. मी चौकशी केली.

आणि अशात ते कार्ड आलं. एका मोठ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं सांभाळायला माणूस हवा होता. ह्यांचा अर्ज पसंत पडला होता, आणि तिथल्या नव्या प्राचार्यांचं डोकं काहीतरी वेगळंच चालत असावं, कारण कार्डावर छापलं होतं : 'मुलाखतीसाठी अकरा ते चार यांपैकी आपणांस सोयीची वेळ व वार उलटटपाली कळवावा.' सोबत उत्तराचं कोरं कार्ड. माझ्या माहितीत कुठल्याही कचेरीनं कुणालाही सोय विचारलेली नव्हती. ते कार्ड मी तीनदा उलटसुलट करून पाहिलं.

आमच्या जिन्यात बातमी पसरायला कार्ड वर येईपर्यंतचाच वेळ लागायचा, कारण पोस्टमन ते आधी खालच्या मजल्यावर वाचून दाखवायचा. समोरच्या खोल्यांत निवृत्त हेडक्लार्क राहायचे. सगळे त्यांना हेडसाहेब म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी कचेरीतून बाहेर जाणाऱ्या पत्रांवर शिक्के मारले होते, आणि त्यामुळे जगाच्या कारभाराचं आपल्याला आतून ज्ञान आहे अशी त्यांची खात्री होती.

"वहिनी," हेडसाहेब खुर्ची ओढून बसत म्हणाले, "वार गुरुवार. साहेबाचा सोमवारचा राग ओसरलेला असतो आणि शुक्रवारची घाई लागलेली नसते. पहिला नंबर घ्यायचा नाही, तो साहेबाला आठवत नाही. शेवटचा घ्यायचा नाही, तो साहेबाला ऐकू येत नाही."

"तुम्ही किती मुलाखती दिल्या हो, हेडसाहेब?" मी विचारलं.

"एकच. सोमवारी, पहिलाच नंबर," ते म्हणाले. "पण माझी गोष्ट वेगळी. माझे मामा तिथं होते."

खालच्या मजल्यावरच्या शिवणकाकूंचं मत निराळं होतं. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतल्यामुळे त्यांना माणसं आतून-बाहेरून कळत. दातात धागा धरून त्या म्हणाल्या, "दोन वाजून वीस मिनिटं. गिऱ्हाईक जेवून आलं की कंबर वाढते आणि मन मोठं होतं. उपाशी माणसाची मी मापंही घेत नाही. दहा वेळा खोट काढतो."

"पण काकू, दोनला हे झोपतात."

"मग साहेब जागा असेल ना? झालं तर!"

मी तक्ता दाखवला. हेडसाहेबांनी तो गंभीरपणे वाचला, पेन्सिलीनं कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहून सही केली, आणि म्हणाले, "अवघड आहे. साहेबाची वेळ बदलत नसते, वहिनी. आपली बदलावी लागते."

ते बिचारे नुसतं बोलायचं म्हणून बोलले होते. मी ते अक्षरशः घेतलं.

मुलाखती चारला संपत होत्या. म्हणजे पावणेचारची वेळ घ्यायची. ह्यांचे पावणेसहा जर पावणेचारला आणता आले, तर काम फत्ते. दोन तासांचा तर प्रश्न! मी भीत भीत ह्यांना सांगितलं. मग त्यांच्या डोळ्यांत, कारखाना बंद झाल्यापासून पहिल्यांदाच, जरा चमक दिसली.

"एकदम दोन तास नाही हलवायचे," हे म्हणाले. "कुठलीही वस्तू एकदम हलवली की बिघडते. दिवसाला पंधरा मिनिटं. आठ दिवस."

हेडसाहेबांनी उत्तराच्या कार्डाचे सात मसुदे केले. 'सोयीची' म्हणावं की 'सोईस्कर' यावर दोन दिवस गेले. शेवटी कार्ड गेलं : गुरुवार, पावणेचार. पाचव्या दिवशी परत आलं. वर लाल शाईत 'अमान्य' असं लिहिलेलं.

तोपर्यंत आम्ही सव्वा तास पुढे गेलो होतो! मी तशीच कॉलेजात गेले. लांबलचक व्हरांडा, टोकाला जाळीची खिडकी, आणि खिडकीत एक कारकून. त्यानं माझं कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि सांगितलं, "पावणेचारला रकाना नाही."

"म्हणजे?"

"रकाने अर्ध्या अर्ध्या तासाचे आहेत. तीन आहे, साडेतीन आहे. पावणेचार नाही."

"पण तुम्हीच लिहिलंय, अकरा ते चार. पावणेचार त्यात येतात की नाही?"

"येतात ना. वेळेत येतात. रकान्यात येत नाहीत."

"मग दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहा."

कारकून माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मी त्याला कॉलेजची भिंत पाडायला सांगितलं होतं. "बाई," तो म्हणाला, "मुलाखत तुमची आहे का?"

"आमच्या ह्यांची."

"ते कुठं आहेत?"

आता काय सांगणार? घरी आमचे साडेबारा वाजले होते आणि हे जेवायला बसले होते. मी मान खाली घालून साडेतीन घेतले आणि परत आले. मला वाटलं होतं तितकं ह्यांना वाईट वाटलं नाही. "पंधरा मिनिटं म्हणजे अजून एक दिवस," हे म्हणाले. "नऊ दिवस. चांगला आकडा आहे."

आणि आम्ही खरोखर तिथवर पोचलो. भिंतीवरचं घड्याळ घराची वेळ दाखवायचं आणि ह्यांच्या मनगटावरचं जगाची. ठकी शाळेला जगाच्या वेळेनं जायची आणि झोपायची घराच्या. सासूबाईंनी तोडगा काढला. जेवण त्या घराच्या वेळेनं जेवायच्या, चहा जगाच्या वेळेनं घ्यायच्या आणि झोपायच्या दोन्ही वेळांना. दूधवाला यायच्या दोन तास आधी आमचा चहा व्हायचा, म्हणून आदल्या दिवशीचं दूध राखून ठेवावं लागे. पावणेआठला आमच्या घरात दिवे मालवलेले आणि सगळे गाढ झोपलेले. हेडसाहेब वर्तमानपत्र मागायला आले आणि बंद दार बघून परत गेले. दुसऱ्या दिवशी शिवणकाकू पायरीवर कुजबुजल्या, "अगं, काही दुखणंबिखणं आहे का घरात? लपवू नकोस." तिसऱ्या दिवशी जिन्यात नवीच बातमी. ह्यांना म्हणे परदेशात नोकरी लागलीय, आणि आम्ही तिकडच्या वेळेची सवय करतोय. लोक आमच्याशी जरा आदरानं वागायला लागले. तीन घरांतले लोक पेढीवर ठेवायच्या पैशांबद्दल सल्लाही विचारून गेले. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही, कारण खरं त्याहून वेडगळ होतं.

पण मला आज काय आठवतं, सांगू? पावणेचारच्या त्या पहाटा आठवतात. सगळी वस्ती झोपलेली, आमच्या स्वयंपाकघरात तेवढा दिवा. हे, मी आणि सासूबाई भिंतीला टेकून चहा घेत बसलोय आणि ठकी आजीच्या मांडीवर पेंगतेय. अकरा महिने आम्ही एकमेकांची नजर चुकवत होतो. आता चौघं मिळून एका कामाला लागलो होतो. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण 'आज झोप लागली का नीट?' असं ह्यांनी मला त्या आठवड्यात पहिल्यांदा विचारलं. आता हे नाहीत, सासूबाई तर केव्हाच गेल्या. तरी त्या दिव्याचा उजेड ओट्यावर कुठवर यायचा ते मी आजही बोटानं दाखवीन.

वेळ जुळली. आता तालीम. हेडसाहेब प्राचार्य झाले. रोज जगाच्या साडेतीनला, म्हणजे आमच्या पावणेसहाला, गॅलरीत खुर्ची टाकून ते ह्यांची मुलाखत घेत.

"स्वतःबद्दल काही सांगा."

"हं," हे म्हणाले.

"तुमचे गुण कोणते?"

"ते हिनं लिहून ठेवलेत तक्त्यात."

मी तीन गुण दिले. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी परत तीन. चहा वेळेवर, ऊन जवळजवळ तसंच, खुर्ची तीच, घड्याळात पावणेसहा, आणि माणूस मात्र दुपारचा! रविवारी तेवढे हे एकदम खुलले. हेडसाहेबांना तराजूची गोष्ट अशी सांगितली की ते प्राचार्य असल्याचं विसरून 'वा!' म्हणाले. नऊ गुण. मी शेऱ्यात लिहिलं : हवा बरी होती. सोमवारी परत तीन. ह्यांनी माझ्या खांद्यावरून तक्ता वाचला आणि हळूच म्हणाले, "अगं, तू वेळ जुळवलीस. मीच जुळत नाहीये." मग उठून आत गेले आणि कुणाचीही तसबीर सरळ न करता नुसते बसून राहिले. मला वाटलं, यापेक्षा आमचा वेडेपणा सुरू झाला नसता तर बरं.

गुरुवार उजाडला, आमचा आधी आणि इतरांचा मागून. ठकीची शाळा अर्धा दिवस होती आणि सासूबाईंच्या दोन वामकुक्षींपैकी दुसरी सुरू झालेली, म्हणून ठकीला बरोबर घेतलं. सव्वातीनला आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर हजर. हे इस्त्रीच्या शर्टात, मी चांगले कपडे घालून, ठकी दोन वेण्यांत. जाळीच्या खिडकीतून कारकुनानं मला ओळखलं आणि लगेच मान वळवली.

साडेतीन झाले. कुणी बोलावलं नाही. पावणेचार झाले. मी खिडकीशी गेले.

"साहेब बैठकीत आहेत," कारकून म्हणाला.

"पण आमची साडेतीनची वेळ आहे. तुमच्या रकान्यात आहे!"

"रकान्यात आहे," तो म्हणाला. "साहेब बैठकीत आहेत."

चार वाजले, साडेचार झाले. ज्या नऊ गुणांच्या वेळेसाठी आम्ही अंधारात उठत होतो, ती माझ्या डोळ्यांदेखत व्हरांड्यातून निघून गेली. पाच वाजले. म्हणजे आमचे सव्वासात. मी डबा आणला नव्हता, कारण तक्त्याप्रमाणे त्या वेळी भूक लागायचीच नव्हती. ह्यांचा चेहरा हळूहळू बंद होत गेला, दुकानाच्या फळ्या एकेक लावत जावं तसा. साडेपाच झाले. मी मनातल्या मनात सव्वादोन तास मिळवले. पावणेआठ! शून्याची वेळ लागली होती. गेल्या कित्येक वर्षांत या पंधरा मिनिटांत ह्यांनी धड शब्द उच्चारलेला नव्हता.

तेवढ्यात ठकी म्हणाली, "बाबा, ते बघा ना. ते दार कुणी न लावता आपोआपच का लागतं?"

मी तिला गप्प करणार होते. पण हे वळले. समोरचं दार उघडून शिपाई आत गेला होता आणि ते दार खरंच सावकाश आपोआप लागत होतं. ह्यांनी एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं. मग खिशातून पेन्सिल काढली, कॉलेजच्याच पत्राच्या पाठीवर चित्र काढलं, आणि सुरू झाले. बिजागरी वर एवढी पुढे, खाली एवढी मागे, मग दाराला उतार सापडतो, आणि घसरगुंडीवर तू नाही का घसरत? ठकी म्हणाली, "पण दाराला कुठं घसरगुंडी दिसते?" हे हसले. शून्याच्या वेळेला हसले! "तीच तर गंमत आहे," म्हणाले.

मी बाकावर जागच्या जागी खिळले. रविवारी हवाबिवा काही बरी नव्हती. रविवारी ठकी घरी होती. इतर दिवशी साडेतीनला ती शाळेत असायची. सहा महिन्यांची मेहनत असल्यासारखा तो तक्ता मी केला, त्यात वेळेचा रकाना होता, उन्हाचा होता, चहाचा होता. शेजारी बसून कोण काय विचारतंय, याचा रकानाच नव्हता. ह्या माणसाला स्वतःबद्दल विचारलं की याच्याजवळ सांगायला काही नाही. खरोखर न कळलेलं कुणी काही विचारलं, की हा बोलतो. मग किती का वाजलेले असेनात.

आणि नेमकं तेव्हाच शिपायानं हाक मारली. हे उठले. मी ठकीला पुढे ढकललं, "हिला घेऊन जा!"

कारकून खिडकीतून ओरडला, "बाई! उमेदवारासोबत मुलांना परवानगी नाही!"

"ती नुसती शेजारी बसेल हो."

"तसा रकाना नाही!"

दार लागलं. अर्थात आपोआपच. ह्यांनी जाताना एकदा मागं पाहिलं, आणि चेहऱ्यावर शेवटची फळी लागली.

आत काय झालं ते मला पुढे तिथल्या बाईंनी सांगितलं. भौतिकशास्त्राच्या म्हाताऱ्या प्राध्यापिका होत्या. प्राचार्यांनी विचारलं, स्वतःबद्दल सांगा. हे म्हणाले, "हं." प्राचार्यांनी विचारलं, इथंच का यावंसं वाटलं? हे म्हणाले, "पत्र आलं." असे चार प्रश्न झाले, आणि प्राचार्यांनी फाइल मिटून 'ठीक आहे, कळवू' म्हटलं. ते 'कळवू' आम्ही आधी तीनदा ऐकलं होतं. हे उठले, खुर्ची सरळ केली, आणि निघणार तेवढ्यात त्या बाई म्हणाल्या, "एक विचारू का? हे मुलाखतीतलं नाही हं. मला खरंच समजत नाहीये. आमचा एक तराजू सकाळी अगदी बरोबर वजन दाखवतो आणि दुपारी चुकतो. दोन वर्षं झाली. मी हात टेकले."

हे थांबले. म्हणाले, "खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

मला बाहेर एवढंच दिसलं की दार धाडकन उघडलं आणि हे बाहेर आले. मागून बाई, त्यांच्यामागे चष्मा सावरत प्राचार्य, आणि सगळ्यांत शेवटी शिपाई. हे आमच्यासमोरून गेले, पण त्यांना मी दिसले नाही. मी ठकीचा हात धरून वरातीत सामील झाले. खिडकीतला कारकून किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावत आला, "अहो, प्रयोगशाळा बंद करायची वेळ झालीय! सहाला कुलूप लावायचं असतं!"

कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही.

प्रयोगशाळेत हे खाली वाकून, उभं राहून, चारी बाजूंनी तो तराजू बघत होते आणि बोलत होते. किती बोलत होते! बाई विचारत होत्या, हे सांगत होते. दुपारी ऊन या खिडकीतून येतं, पेटीच्या एकाच अंगावर पडतं, दांडीचा एक हात तापतो, दुसरा गार राहतो, तापलेला हात कणभर लांबतो. "लांबला की खोटं बोलणारच तो. त्याचा दोष नाही, बाई. त्याची जागा चुकलीय." प्राचार्यांनी विचारलं, कणभर म्हणजे किती? खरंच ठाऊक नसल्यासारखं विचारलं. ह्यांनी त्यांनाही सांगितलं, आणि त्यांच्या हातात पेटीचं एक टोक दिलं. प्राचार्य आणि आमचे हे, दोघांनी मिळून ती पेटी उचलून पलीकडच्या भिंतीशी नेली. जन्मात पहिल्यांदाच ओझं उचलत असल्यासारखे प्राचार्य पावलं टाकत होते. मग ह्यांनी बाह्या वर केल्या, पेटीचे पाय फिरवून फिरवून ती समपातळीत आणली, काच बाजूला केली, आणि दोन्ही ताटल्यांत सारखी वजनं ठेवली.

काटा डोलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"मग," प्राचार्य धापा टाकत म्हणाले, "तुम्ही सोमवारपासून येऊ शकाल का?"

"श्श!" हे म्हणाले. चक्क प्राचार्यांना! ह्यांनी मान वर न करता एक हात हवेत धरला. "कुणी बोलू नका. काच उघडी आहे. सगळ्यांनी श्वास धरा."

आणि सगळ्यांनी धरला. बाईंनी, शिपायानं, ओठ घट्ट मिटलेल्या ठकीनं, गाल फुगवलेल्या प्राचार्यांनी, किल्ल्या वाजू नयेत म्हणून जुडगा छातीशी दाबून उभ्या असलेल्या कारकुनानं. मीही. काटा डोलत राहिला, कमी कमी होत गेला, आणि मधल्या रेघेवर येऊन स्थिर झाला.

"सोडा," हे म्हणाले. "आणि सोमवारचं म्हणत असाल तर, येतो."

सगळ्यांनी श्वास सोडला. मला मात्र जरा वेळ लागला. मी तो अकरा महिने धरून ठेवला होता.